फसलेल्या माणसाला हसू नका

“दादा, बॅगेची चेन उघडी आहे तुमची. डबा पडेल.”

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, संध्याकाळी सातच्या सुमारास, कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्टँडवर, म्हणजे सीबीएसवर, इचलकरंजीच्या गाडीतून उतरलो तेव्हा एका माणसाने मला हे सांगितलं. नोकरीसाठी माझी रोजची ये-जा आहे, त्यामुळे हा स्टँड मला घरच्या अंगणासारखा. चेन खरंच उघडी होती. मी आभार मानले, त्याने मान डोलावली आणि तो दोन पावलं पुढे गेला. मग थांबला, वळला आणि म्हणाला, “एक विचारू का? राग मानू नका.”

पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात प्लॅस्टिकची फाईल आणि फाईलमध्ये केसपेपर दिसेल असा वर ठेवलेला. सावंतवाडीकडचा शिक्षक आहे म्हणाला. बायको आठ दिवस सीपीआर या सरकारी दवाखान्यात होती, आज घरी सोडलंय, ती तिकडे गेटजवळ सामान घेऊन बसलीय आणि इथे गर्दीत पाकीट नि मोबाईल दोन्ही गेलं. “आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही हो,” म्हणताना त्याचा आवाज जरासा अडकला. त्याने हिशेब सांगितला: स्वतःचं पूर्ण तिकीट, बायकोचं अर्धं, आणि रात्रीच्या दोन गोळ्या. सहाशे चाळीस. मी सातशे काढले. त्याने खिशातून सुटे काढून साठ रुपये माझ्या हातावर ठेवले. “नको दादा, हिशेब तो हिशेब.” माझा नंबर त्याने केसपेपरच्या मागे लिहून घेतला. घरी पोचल्यावर मुलाकडून पाठवतो म्हणाला. जाताना म्हणाला, “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कोल्हापूर कोल्हापूर आहे.”

पैसे आले नाहीत. पंधरा दिवस मीच त्याच्या वतीने कारणं शोधत होतो. कागद हरवला असेल, बायकोची तब्येत पुन्हा बिघडली असेल.

आठेक महिन्यांनी रंकाळा तलावावर फिरायला गेलो होतो. तोच चष्मा, तीच फाईल. समोर कॉलेजातला एक मुलगा उभा. या खेपेला मुलीची विद्यापीठात परीक्षा होती आणि पाकीट केएमटीच्या शहर बसमध्ये मारलं गेलं होतं. मी वीस पावलांवर थांबलो. त्याने मला पाहिलं, ओळखलंही. पळाला नाही, चेहरा फिरवला नाही. हात जोडून मोठ्याने म्हणाला, “नमस्कार दादा! बरे आहात ना?” मी काही बोलायच्या आत त्या मुलाने पाचशेची नोट काढून दिली. एक बऱ्या घरचा दिसणारा माणूस याला ओळखतो, एवढं त्याला पुरलं होतं. मी जवळ जाईपर्यंत तो गर्दीत मिसळून गेला होता. मी त्या मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला. “मग आधी का नाही बोललासा?” त्याचं बरोबर होतं. त्या वीस पावलांत मी गप्प राहिलो, ते अजून मला टोचतं.

हा लेख त्या सहाशे चाळीस रुपयांसाठी लिहीत नाही. ही गोष्ट मी घरी, ऑफिसात, कट्ट्यावर सांगितली तेव्हा जे ऐकायला मिळालं, त्यासाठी लिहितोय. जवळजवळ प्रत्येकाकडून दोन वाक्यं आली. एक मला: “एवढं कसं कळलं नाही तुला?” आणि दुसरं त्याच्याबद्दल: “पण डोकं बघा की त्याचं, नाद खुळा!” फसलेल्याला हसायचं आणि फसवणाऱ्याची तारीफ करायची, ही आपली सवय झाली आहे. वर्तमानपत्रातसुद्धा ‘ठकसेन’ हा शब्द आला की बातमीला एक चव येते. ताजमहाल विकल्याच्या दंतकथा ज्याच्या नावावर आहेत त्या बिहारच्या नटवरलालचं नाव तर आपण कौतुकाचं विशेषण असल्यासारखं वापरतो. माझं म्हणणं असं, की रस्त्यावरच्या या गोड माणसांचा धंदा त्यांच्या हुशारीपेक्षा आपल्या या हसण्यावर जास्त चालतो. हसतील म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की तोच केसपेपर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फलाटावर कामाला येतो.

आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं: हाव असते म्हणून माणूस फसतो. महिन्यात दामदुप्पट म्हणणाऱ्यांच्या बाबतीत ते काही अंशी खरं असेल, आणि तिथेही पेन्शनीचे पैसे गेलेल्या म्हाताऱ्याला हावरट म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण स्टँडवर मला कसली हाव होती? त्या माणसाने मला काही विकलं नाही, कसलं आमिष दाखवलं नाही. ती संध्याकाळ मी कितीदा तरी मनात उलगडून पाहिली आहे. त्याने आधी मला काही तरी दिलं: उघड्या चेनकडे लक्ष वेधलं. त्यामुळे मी त्याचा देणेकरी झालो, दोन शब्द ऐकून घेणं भाग पडलं. मग त्याने जास्तीचे पैसे परत केले. लबाड माणूस पैसे परत देत नाही, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की साठ रुपयांत त्याला सहाशेचा भरवसा मिळाला. आणि ते अर्धं तिकीट! २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं भाडं लागतं. खोटं बोलणारा माणूस हिशेबात तेवढा फरक कशाला धरेल, असं माझ्या मनाने मला न विचारताच ठरवून टाकलं. शेवटी त्याने मला गाठलं दिवसभराच्या कामाने दमलेलो असताना, घरी जायच्या घाईत असताना, एकटा असताना. सोबत कुणी असतं तर त्याने चेन उघडी असल्याचंही सांगितलं नसतं.

म्हणजे तो ज्यावर हात मारतो ती आपली चांगली बाजू असते. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाला अटक झाली होती. चांगल्या कपड्यात रस्त्यावर अनोळखी सभ्य माणसाशी ओळख असल्यासारखं बोलायचं आणि मग विचारायचं: उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? लोक घड्याळं काढून देत. समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं सभ्य माणसाला किती जड जातं, एवढंच त्याला ठाऊक होतं. इंग्रजीत अशा ठकाला ‘कॉन्फिडन्स मॅन’, म्हणजे विश्वासाचा माणूस, म्हणतात ते त्याच्या त्या प्रकरणापासून.

माझं ठीक आहे. माझ्या मावशीचं सांगतो, कारण खरी झळ कुठे बसते ते तिथे दिसतं.

मावशीचं वय एकाहत्तर. श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन ती पापाच्या तिकटीकडून चालत घरी निघाली होती. मोटरसायकलजवळ उभ्या असलेल्या एकाने अदबीने हाक मारली, “आई, जरा इकडं या. साहेब बोलावतायत.” साहेब साध्या वेशात होते, गळ्यात ओळखपत्र. “आई, सणासुदीचं एवढं सोनं घालून फिरताय? काल पलीकडच्या गल्लीत एका बाईला मारून दागिने नेले. आमची तपासणी चालू आहे.” तेवढ्यात तिथून एक तिसरा माणूस चालला होता, त्याला अडवून दटावलं, त्याने निमूट अंगठी काढली आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. तो तिसराही त्यांचाच होता, हे मावशीला दोन दिवसांनी उमगलं. तिने दोन्ही पाटल्या आणि गळ्यातला साज काढला. साहेबाने स्वतः कागदाची पुडी बांधून दिली, पिशवीत खाली ठेवायला लावली, वरून भाजीची जुडी ठेवली. “घरी गेल्याशिवाय उघडू नका, आई.” मावशीला वाटलं, पोरगं उन्हात उभं आहे. तिने पिशवीतली पाण्याची बाटली त्याला दिली. तो अर्धी बाटली प्यायला आणि झाकण लावून, नमस्कार करून परत दिली.

घरी पुडीत चार खडे निघाले.

साज तिच्या आईचा होता. पण मावशी सोन्याचं फार बोलली नाही. महिनाभर ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मी त्याला पाणी दिलं रे.” मनगटावर जिथे चाळीस वर्षं पाटल्या होत्या तिथे फिकट पट्टा उमटला होता आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ती पदर हातावरून घ्यायची. शुक्रवारचं देवळात जाणं तिने बंद केलं. शेजारच्या काकूंना सांगितलं, गुडघे दुखतात.

आम्ही तक्रार द्यायला गेलो. कुठल्या ठाण्यात गेलो ते लिहीत नाही, कारण इतर ठाण्यांतही असेच अनुभव आल्याचं मी अनेकांकडून ऐकलं आहे आणि माझं भांडण एका माणसाशी नाही. टेबलामागच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, “एवढं सोनं घालून कशाला फिरायचं म्हातारपणी?” दुसरा प्रश्न, “पावत्या हायत का?” आईने लग्नात घातलेल्या साजाची पावती कुठून आणायची? तिथे मावशीचा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि पाठवलं. अर्ज आणि गुन्हा नोंदवणं यातला फरक आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. तपासाची चक्रं एफआयआरवर फिरतात. अर्ज फायलीत जातो आणि बऱ्याचदा तिथेच राहतो.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या ‘चारशे वीस’च्या जागी आता कलम ३१८ आहे; फसवून माल काढून घेणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याला अमुक इतक्या रुपयांच्या वरच, अशी अट नाही. पोलीस नसताना पोलीस म्हणून मिरवणं हा कलम २०४ खाली वेगळा गुन्हा आहे. त्यात किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आहे. दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करण्याजोग्या, गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात खबर देता येते, मोबाईलवरून पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, आणि नोंदीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. हे सगळं मला आधी माहीत असतं तर त्या दिवशी मी शिक्क्याचा कागद घेऊन घरी आलो नसतो. पुढे आम्ही अधीक्षकांच्या नावे पत्र दिलं आणि गुन्हा नोंद झाला. मधल्या नऊ दिवसांत आजूबाजूच्या दुकानांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुसलं गेलं होतं.

पोलिसांवर कामाचा केवढा भार आहे हे मला दिसतं. नवरात्रात अंबाबाईच्या परिसरात बंदोबस्ताला उभी असलेली पोरं मी रोज पाहतो. पण पाचशे-सातशेची फसवणूक, म्हातारीच्या पाटल्या, हे किरकोळ समजून अर्जावर भागवलं की नुकसान आकड्यापुरतं राहत नाही. नोंदच नसली तर ‘चष्मा, फाईल, केसपेपर’ असा माणूस सीबीएसवर, रंकाळ्यावर आणि रेल्वे स्टेशनवर एकाच महिन्यात दिसला, हे जोडणार कोण?

फोनवरच्या फसवणुकीशी ताडून बघा. तिथे १९३० हा नंबर आहे. लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी सावधगिरीची सूचना ऐकू यायची. ‘डिजिटल अटक’ असलं काही कायद्यात नसतं, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून सांगितलं. चांगलंच झालं. शिवाय त्यामुळे एक मोठा बदल घडला: फोनवर फसलेल्या माणसाला आता आपण पूर्वीइतकं हसत नाही. इंजिनिअर फसतात, डॉक्टर फसतात हे सगळ्यांना कळलं. रस्त्यावर फसलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र ना नंबर, ना सूचना, ना ती समजूत. वास्तविक पाहता मावशीपुढचा साहेब आणि व्हिडिओ कॉलवरचा साहेब यांचं काम एकाच पद्धतीचं आहे. वर्दीची भीती घालायची, घाई करायची, कुणाला विचारू द्यायचं नाही, आणि वर काळजीचा सूर लावायचा.

मग उपाय काय, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात: कुणावर विश्वास ठेवू नका. मुलांना हेच शिकवतोय आपण. मला हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो.

२०१९ च्या ऑगस्टमधले दिवस आठवा. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि कितीतरी दिवस बंद राहिला. रस्त्यावर ट्रकवाले अडकले, प्रवासी अडकले. कुठल्या राज्यातला, कुठल्या जातीचा, खरं बोलतोय की खोटं, हे न विचारता आजूबाजूच्या गावांनी त्यांना भाकरी नेऊन दिल्या. ज्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी होतं तेही यात होते. आधार कार्ड दाखवा मग भाजी वाढतो, असं कुणी म्हटलं नाही. अनोळखी माणसाला आधी ‘जेवलासा काय?’ विचारणारं हे शहर आहे. दहा ठकांच्या भीतीने ते विचारणं बंद पडावं, याला मी तयार नाही.

आणि अविश्वासाची दुसरी बाजूही आहे, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. संशय घ्यायचा म्हटलं की तो इस्त्रीच्या शर्टावर जात नाही. तो जातो पालात राहणाऱ्यावर, नंदीबैलवाल्यावर, भिक्षेकऱ्यावर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं? मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवर पसरली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना जमावाने ठार मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो; त्या दिवशी ती अक्षरशः घडली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, मनातला शिक्का गेला नाही. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं, त्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांना सगळे चोर म्हणत त्यांच्या हाती राखण सोपवली. मला आणि मावशीला फसवणारे लोक स्वच्छ कपड्यातले, शुद्ध बोलणारे, आई-दादा म्हणणारे होते. पालातल्या कुणी मला आजवर फसवलेलं नाही.

शाहू महाराजांचं नाव निघालंच आहे तर माझं मुख्य म्हणणं तिथूनच मांडतो. खेड्यातून शिकायला येणारं पोर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात उतरायचं तेव्हा तेही अनोळखी, अडलेलं आणि दुसऱ्याच्या दयेवर असायचं. कुणी ओसरीवर झोपू दिलं तर झोपायचं, वार लावून जेवायचं. महाराजांनी ते लोकांच्या मर्जीवर सोडलं नाही. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं आणि मग एकामागून एक इतर समाजांची. त्यातली काही दसरा चौकाच्या आसपास आजही उभी आहेत. अडलेल्याला जायला जागा झाली. दयेचं रूपांतर व्यवस्थेत झालं.

आज सीबीएसवर खरोखर पाकीट मारलं गेलेल्या माणसाला जायला जागा कुठे आहे? भुकेचं निभावतं, अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र आहे. सीपीआरमध्ये रुग्णांच्या अडचणी बघायला समाजसेवा अधीक्षक असतात, पण गावाहून आलेल्या नातेवाइकाला ते ठाऊक नसतं. आणि गावाला परतायच्या तिकिटासाठी? त्याला फलाटावरच्या अनोळखी माणसापुढेच उभं राहावं लागतं, अगदी त्या चष्मेवाल्यासारखं, त्याच्याच शब्दांत. खरा आणि खोटा एकाच रांगेत उभे असतात आणि निवाडा करायचा दमलेल्या प्रवाशाने, दोन मिनिटांत. हे प्रवाशावर ओझं आहे आणि खऱ्या अडलेल्यावर अन्याय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक बसलेलाच असतो. त्याच्या शेजारी एक वही आणि एक पेटी ठेवा. पेटी आपण भरू. या शहरात तालीम मंडळं आहेत, तरुण मंडळं आहेत, गणपतीच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सासुद्धा तिला वर्षभर पुरेल. ज्याला गावी जायचंय त्याचं नाव वहीत लिहा आणि हातात पैसे न देता तिकीट काढून द्या. खरं-खोटं कसं कळणार? आपल्याकडे पोलीस पाटील नावाचं पद आहे, १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने बांधलेलं. कुठेकुठे ते रिकामं असतं, पण तिथे सरपंच आहे, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आहे. “तुमच्या गावचे अमुक इथे अडकलेत, ओळखता का?” एवढा एक फोन. माणसाला गावात कुणी ओळखत नाही असं खेड्यात होत नाही.

कुणी म्हणेल, ठक त्या खिडकीलाही फसवतील. फसवतील एखाद्या वेळी. पण तिकीट विकून दिवसाचे दोन हजार सुटत नाहीत, आणि रोज नवी गोष्ट घेऊन त्याच वहीपुढे उभं राहता येत नाही. त्याचं सगळं भांडवल आहे एकट्या माणसाला बाजूला घेण्यात. खिडकी असली की प्रवाशाला एक सोपं वाक्य मिळेल: “चला, खिडकीवर जाऊ.” त्यात अपमान नाही, उलटतपासणी नाही. खरा माणूस येईल सोबत. कुणी म्हणेल, कर्मचारी आधीच कमी आहेत, त्यांच्यावर हे कशाला? बरोबर आहे, म्हणून निवृत्त माणसांनी संध्याकाळचे दोन तास तिथे बसावं असं मी सुचवतो, आणि माझ्या निवृत्तीला अजून वेळ असला तरी शनिवारची पाळी मी आजच घ्यायला तयार आहे. असा अर्ज मी दिला आहे. उत्तर यायचं आहे.

खिडकी होईपर्यंत मी स्वतःपुरतं एवढं करतो: मागणाऱ्याबरोबर तिकिटाला जातो. गेल्या चार महिन्यांत तिघांनी मला गाठलं. दोघं “राहू दे, दुसरी सोय बघतो” म्हणून निघून गेले. तिसरी एक बाई होती, गगनबावड्याकडची, कडेवर ताप आलेलं पोर. ती काही न बोलता माझ्यामागे आली, कंडक्टरजवळ उभी राहिली, अर्धं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसल्यावर तिने पोराचा हात धरून मला टाटा करायला लावला. त्या दोघांसारखीच असेल म्हणून मी तिलाही टाळलं असतं तर?

मावशीचं सांगायचं राहिलं. परवा एकादशीला तिच्या भजनी मंडळात ती बऱ्याच दिवसांनी गेली. टाळ वाटून झाले, पेटी उघडली, आणि शेजारच्या बाईने सहज विचारलं, “अक्का, पाटल्या कुठं गेल्या?” मावशीने गुडघ्यांचं कारण सांगितलं नाही. साहेब, पुडी, खडे, पाण्याची बाटली, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, माझ्या बोरमाळेला पॉलिश करून देतो म्हणून दोघं घरी आले होते. मग दुसरी बोलली: एका शेठला नातू झाला म्हणून तो गरीब बायकांना साड्या वाटतोय, सोनं काढून ठेवा म्हणजे गरीब दिसाल, असं सांगून तिचं मंगळसूत्र नेलं होतं. तिसरी बराच वेळ टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होती. तिने आठ वर्षांपूर्वी घरी सांगितलं होतं, कार्तिकात पंचगंगेवर आंघोळ करताना पाटल्या पाण्यात पडल्या. नवऱ्याने दोन दिवस घाटावर माणसं लावून गाळ उपसला होता. तो गेला तोवर तिने त्याला खरं सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी भजन झालं नाही. सोमवारी या तिघी मावशीबरोबर ठाण्यात जाणार आहेत. कलमांचा कागद मी मोठ्या अक्षरात छापून मावशीकडे दिला आहे.